सिनेमा रंगात आला की रिसीव्हर बंद पडतो: तपासणी कुठून सुरू करायची

होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-सिनेमाचा आवाज मोठा करून स्पीकरना देणारी पेटी, ‘बंद पडतो’ एवढंच सांगून भागत नाही. कसा आणि कधी बंद पडतो, यावर अर्धं निदान होतं. म्हणून आधी लक्षणं.

- मारामारीचा किंवा स्फोटाचा प्रसंग आला, आवाज वाढवला, की ‘टक्’ होऊन सगळं शांत. समोरचा दिवा लाल लुकलुकतो. परत चालू केला तर चालतो, पुन्हा तसाच प्रसंग आला की पुन्हा टक्.
- सुरुवातीला सगळं व्यवस्थित, अर्ध्यापाऊण तासाने बंद. वरच्या जाळीवर हात ठेववत नाही. थंड झाला की काही झालंच नाही अशा थाटात चालू होतो.
- चालू करताच दोनचार सेकंदांत बंद. एरवी चालू केल्यावर आतून जी बारीक ‘टिक्’ ऐकू येते, ती येतच नाही.
- दिवा लुकलुकत नाही, टक् होत नाही, गुपचूप स्टँडबायला जातो. रिमोटने लगेच परत येतो.

आणखी एक लक्षण लोक तक्रार म्हणून सांगत नाहीत. बंद पडायच्या कितीतरी आधीपासून आवाज पातळ झालेला असतो, मोठ्या प्रसंगात फाटतो, संवाद ऐकायला आवाज वाढवावा लागतो आणि गाणं लागलं की रिमोट शोधत धावावं लागतं. रिसीव्हर बंद पडणं आणि मुळातच नीट न वाजणं, यांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. खाली दिलेली तपासणी पहिल्या दोषासाठी आहे, पण ती पूर्ण केली की दुसराही बऱ्यापैकी सुटतो.

माझं दुरुस्तीचं दुकान नाही. पण ओळखीपाळखीत, सोसायटीत, नातेवाइकांकडे हाच दोष इतक्यांदा काढून दिलाय की आता फोनवरच पहिले तीन प्रश्न विचारतो. ती ‘टक्’ रिलेची, म्हणजे आतल्या आपोआप उघडझाप करणाऱ्या स्विचची असते. आत करंट प्रमाणाबाहेर गेला, तापमान वाढलं किंवा स्पीकरच्या टर्मिनलवर नको ती डीसी वीज दिसली, की संरक्षण सर्किट रिले उघडून स्पीकर तोडतं. म्हणजे रिसीव्हर बिघडला असेलच असं नाही. तो स्वतःला आणि तुमच्या स्पीकरना वाचवतोय. दोष बहुतेकदा पेटीच्या बाहेर सापडतो: हवेत, वायरीत किंवा सेटिंगमध्ये. लोक मात्र थेट नवीन मॉडेल बघायला निघतात.

बंद पडताना डिस्प्लेवर काय उमटतं ते आधी पाहा, जमल्यास मोबाइलवर व्हिडिओ घ्या. यामाहाच्या मॉडेलांत स्पीकरची वायर तपासा असा इशारा सरळ लिहून येतो. डेनॉनच्या बऱ्याच मॉडेलांत लाल दिवा सावकाश, दर दोन सेकंदांनी लुकलुकला तर उष्णता आणि भराभर लुकलुकला तर स्पीकर किंवा आतला ॲम्प्लिफायर, असा संकेत असतो. मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत हे दिलेलं असतं. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवर पीडीएफ मिळते.

फुकटातली पहिली पायरी: हा दोष आहे तरी का?

गुपचूप स्टँडबायला जाणारा रिसीव्हर नव्वद टक्के वेळा आज्ञा पाळत असतो. मेनूत ऑटो स्टँडबाय शोधा. सिग्नल आला नाही की ठरलेल्या वेळेनंतर सेट आपणहून झोपतो, आणि ही वेळ पंधरा मिनिटांपासून काही तासांपर्यंत ठेवता येते. रिमोटवर स्लीप टायमरचं बटण असतं, तेही पाहा. लहान मुलं ते हमखास दाबतात.

मग एचडीएमआय सीईसी. टीव्ही आणि रिसीव्हर एकमेकांना चालू-बंद करू शकतात ते यामुळे. सॅमसंगच्या टीव्हीत याला ॲनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक आणि सोनीत ब्राव्हिया सिंक म्हणतात. एक दिवस बंद ठेवून बघा. मात्र बहुतेक सेटमध्ये सीईसी बंद केलं की एआरसीही (टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय वायरीतून रिसीव्हरकडे आणणारी सोय) जातं आणि टीव्हीतल्या ॲप्सचा आवाज रिसीव्हरपर्यंत पोचत नाही. म्हणून खात्री करून घेण्यापुरतंच बंद करा.

हवा

मुंबईतल्या घरांत जागा किती ते सांगायला नको. त्यामुळे रिसीव्हर सुताराने बनवलेल्या टीव्ही युनिटच्या एका कप्प्यात जातो, कप्प्याला मागून प्लाय, पुढून काच, वर सेट-टॉप बॉक्स, त्यावर वायफायचा राउटर आणि सगळ्यावर धूळ बसू नये म्हणून घातलेला विणलेला रुमाल. गणपतीत तर मखराचं कापड थेट जाळीवर येतं आणि दहा दिवस आरत्यांपासून रात्रीच्या गाण्यांपर्यंत सेट चालूच. अशा वेळी तो बंद पडला नाही तरच नवल.

ही तपासणी महत्त्वाची का? नेहमीचा क्लास एबी ॲम्प्लिफायर घेतलेल्या विजेतली निम्म्याहून जास्त वीज उष्णता म्हणून बाहेर टाकतो. ती उष्णता वरच्या जाळीतून सरळ वर जाते. जाळी झाकली की आतला हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) तापतो आणि तापमानाचा सेन्सर रिले उघडतो. शिवाय ही गरम हवा आतल्या कपॅसिटरचं, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांचं, आयुष्य खाते, त्याचा हिशोब दोनतीन वर्षांनी येतो.

चाचणी सोपी आहे. रिसीव्हर कप्प्यातून बाहेर काढा, टीपॉयवर उघडा ठेवा, बाजूला टेबल फॅन लावा आणि ज्या सिनेमात, ज्या आवाजाला बंद पडत होता तेच परत लावा. आता तासभर चालला तर निदान झालं.

उपाय: वर किमान १० सेंटिमीटर मोकळी जागा, वर दुसरं कुठलंही यंत्र नाही, मागची प्लाय कापलेली. सुताराला हे अर्ध्या तासाचं काम. ते शक्य नसेल तर १२० मिलिमीटरचा यूएसबीवर चालणारा पंखा कप्प्याच्या मागे वरच्या बाजूला लावा, गरम हवा बाहेर फेकेल असा. पुष्कळ जण तो आत हवा मारेल असा लावतात आणि मग कप्प्यातली तीच गरम हवा फिरत राहते. प्लग काढून जाळीवरची धूळ कोरड्या ब्रशने झटका आणि व्हॅक्यूम क्लिनर बाहेरूनच फिरवा. ओला फडका नको. जाळीतून झुरळं दिसली तर मात्र नुसती धूळ झटकून भागणार नाही. उबेसाठी ती आत घर करतात आणि त्यांच्या घाणीमुळे बोर्डावर वीज भलत्या वाटेने वाहू लागते. तो सेट उघडून साफ करावा लागतो, आणि ते घरचं काम नव्हे.

प्लग, बोर्ड आणि अमेरिकेहून आलेला सेट

रिसीव्हर, टीव्ही, सब-वूफर (फक्त बासची वेगळी पेटी), सेट-टॉप बॉक्स, सगळं एका स्वस्तातल्या एक्स्टेंशन बोर्डावर असतं. पिन ढिली असेल, सॉकेट गरम लागत असेल, बोर्डावर काळा डाग असेल तर तो बोर्ड टाकून द्या. रिसीव्हर भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट लावून बघा. एसीचा काँप्रेसर सुरू होताना दिवे मंद होत असतील आणि त्याच क्षणी रिसीव्हर मान टाकत असेल, तर प्रश्न वायरिंगचा आहे. इलेक्ट्रिशियनकडून त्या सॉकेटचा व्होल्टेज एसी चालू असताना मोजून घ्या. चालू सॉकेटमध्ये मीटरच्या काड्या घालायची सवय नसेल तर स्वतः करू नका.

मुलगा किंवा भाचा अमेरिकेहून येताना घेऊन आला, अशी एक वेगळी जात आहे. मागच्या लेबलवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेलं असतं आणि सेट स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतो. शांत प्रसंगात तो ट्रान्सफॉर्मर पुरतो. बॉम्ब फुटला की करंटची मागणी उसळते, लहान ट्रान्सफॉर्मरचा व्होल्टेज कोसळतो आणि रिसीव्हर बंद. लेबलवर जितके वॉट लिहिलेत त्याच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा, लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर हवा. प्रवासात हेअर ड्रायरसाठी वापरतात तो हलका कन्व्हर्टर इथे अजिबात चालत नाही. आणि ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. आपल्या ५० हर्ट्झवर असा सेट थोडा जास्त तापतो, म्हणून त्याला हवा इतरांपेक्षा जास्त लागते.

स्पीकरच्या वायरी: इथे घाई करू नका

सर्वांत जास्त दोष मला इथे सापडले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी दोषाची बाजू ठरवा. रिसीव्हरचा प्लग काढा. मागच्या सगळ्या वायरींचा फोटो घ्या आणि प्रत्येकीला कागदी चिकटपट्टी लावून नाव लिहा. मग स्पीकरच्या सगळ्या वायरी सोडवा आणि सेट चालू करा. नेहमीचा ट्रान्झिस्टरवाला रिसीव्हर स्पीकरविना चालू ठेवायला हरकत नसते. ही गोष्ट व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला लागू नाही, पण तो बाळगणाऱ्याला हे माहीत असतंच.

स्पीकर नसताना सेट चालू राहिला आणि आवाजाची पातळी वाढवूनही टिकला, तर दोष बाहेर आहे. स्पीकर नसतानाही लगेच बंद पडला, तर दोष आत आहे. मग खालचं काही वाचू नका, सरळ शेवटच्या भागाकडे जा.

दोष बाहेर असेल तर एकेक स्पीकर जोडत चला. प्रत्येक वेळी आधी प्लग काढायचा, वायर लावायची, मग चालू करायचं. चालू सेटला वायर लावताना तांब्याचा एक धागा जरी इकडेतिकडे टेकला तरी आउटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकरला वीज देणारा आतला भाग) जाऊ शकतो. ज्या स्पीकरनंतर टक् होईल, ती वायर किंवा तो स्पीकर गुन्हेगार.

आता त्या वायरीत काय बघायचं ते. लाल आणि काळ्या टर्मिनलच्या मध्ये वळणातून निसटलेला एक केसासारखा धागा, हा सगळ्यांत नेहमीचा. विजेरी घेऊन बघा, चष्मा लावून बघा. टोक पुन्हा सोलून, धागे पिळून घट्ट बसवा. केळ्याच्या आकाराचे बनाना प्लग लावले तर हा त्रास कायमचा जातो.

दुसरं, पावसाळा. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की उघडं तांबं आधी काळवंडतं, मग हिरवट पडतं. वरळी, दादर चौपाटी, वर्सोवा असं समुद्राजवळ घर असेल तर खारी हवाही आली. या थराने वायर शॉर्ट होत नाही, पण जोड कच्चा होतो: आवाज येतो-जातो, खरखरतो, पातळ होतो. अर्धा इंच टोक कापून टाका, नवीन चकचकीत तांबं दिसेपर्यंत सोला. टर्मिनल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कापल्यावर आत तांब्याऐवजी पांढुरकी चमक दिसली, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर आहे. ती बदला. आपल्या हॉलच्या मापात १६ गेजची अस्सल तांब्याची वायर पुरून उरते. त्याहून महाग वायरीचे किस्से ऐकून घ्यावेत आणि पैसे खिशात ठेवावेत.

तिसरं, न दिसणारी वायर. फॉल्स सीलिंग करताना पीओपीवाल्याचा स्क्रू वायरीतून आरपार गेलेला असतो, किंवा तळमजल्यावर उंदरांनी कुरतडलेली असते. इथे मल्टिमीटर लागतो, साधा तीनचारशे रुपयांचा चालेल. वायरीची दोन्ही टोकं सोडवून दोन तारांमध्ये रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजा. काहीही आकडा येता कामा नये. आला, तर ती वायर गेली. सीलिंग फोडत बसू नका, भिंतीवरून केसिंग-पट्टीतून नवी वायर ओढा.

स्पीकरही मोजून घ्या. ओहम हे त्याच अडथळ्याचं माप. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ ओहमचा तीन ते साडेतीनच्या आसपास. मीटर डीसी मोजतो, म्हणून आकडा छापील आकड्यापेक्षा कमी येणारच. एक-दीड ओहम दिसला तर स्पीकरची कॉइल किंवा क्रॉसओव्हर (बास आणि बारीक आवाज वेगळे करणारं आतलं सर्किट) शॉर्ट आहे. मीटर नसेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवा, वायर रिसीव्हरपासून सोडवलेली असताना. ‘खट्’ आवाज आला की कॉइल तुटलेली नाही. सेलचं धन टोक स्पीकरच्या लाल टोकाला असताना वूफरचा (बास वाजवणाऱ्या मोठ्या गोल स्पीकरचा) पडदा बाहेर यायला हवा. आत गेला तर वायर कुठेतरी उलटी आहे. उलट्या वायरीने रिसीव्हर बंद पडत नाही, पण बास गायब होतो आणि संवाद पडद्यावरून न येता खोलीभर पसरल्यासारखे वाटतात.

स्पीकरचा भार आणि सेटिंग

एकाच टर्मिनलला दोन स्पीकर लावलेत का, एक हॉलमध्ये, एक गॅलरीत? ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की रिसीव्हरला ४ ओहम दिसतात आणि करंट दुप्पट लागतो. मागच्या बाजूला किमान ओहम छापलेले असतात, बरेचदा ६. त्याच्या खाली जाऊ नका. मेनूतला ओहमचा पर्याय कमीवर ठेवून हा प्रश्न सुटतो असं सांगणारे भेटतील. ते सेटिंग बहुतेक वेळा आतला व्होल्टेज कमी करतं, त्यामुळे सेट कमी तापतो, पण मोठ्या प्रसंगातला जोरही जातो. मी तरी स्पीकरची जोडणी सुधारतो, ते सेटिंग हलवत नाही.

खोक्यावरच्या ‘१०० वॉट गुणिले ७’ वर विसंबू नका. तो आकडा बहुधा एक किंवा दोन चॅनेल (म्हणजे एक-दोनच स्पीकरची जागा) चालवून मोजलेला असतो. सातही एकदम वाजले तर वीजपुरवठा तेवढा देऊ शकत नाही. पण घरी तेवढी गरजही नसते. सात-आठ फुटांवरून बोलण्याच्या पातळीवर ऐकायला एखादा वॉट पुरतो. म्हणून एवढ्या हळू आवाजातही सेट बंद पडत असेल तर भाराला दोष देऊ नका, शॉर्ट शोधा. मोठ्या प्रसंगाचं गणित मात्र वेगळं आहे. दर ३ डेसिबलला वीज दुप्पट, १० डेसिबलला दहापट. आणि यातला मोठा वाटा बास खातो.

म्हणूनच माझ्या मते सगळ्या मेनूत एकच सेटिंग खरं मोलाचं आहे: स्पीकरचा आकार. ऑटो कॅलिब्रेशन, म्हणजे सूर वाजवून, माइकने ऐकून रिसीव्हर स्वतःच सेटिंग ठरवतो ती सोय, मग कंपनीप्रमाणे तिचं नाव ऑडिसी असो, वायपीएओ असो की एमसीएसीसी, उंच स्पीकरना अनेकदा ‘लार्ज’ ठरवतं. ते सगळे ‘स्मॉल’ करा आणि मेनूतला क्रॉसओव्हर (बास कुठून वेगळा करायचा ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवा. आता ८० च्या खालचा बास सब-वूफरकडे जातो, ज्याचा स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो. रिसीव्हरचा भार एकदम उतरतो, मोठ्या प्रसंगात तो दमत नाही आणि स्पीकर मोकळे होऊन संवाद स्पष्ट होतात. सब-वूफर नसेल तर हे करू नका, बास जाईल कुठे?

कॅलिब्रेशन वर्षापूर्वी केलं असेल आणि तेव्हापासून सोफा हलला असेल तर परत करा. माइक कानाच्या उंचीवर, कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर, सोफ्याच्या पाठीवर नाही. पंखा आणि एसी बंद. वाहनांचा आवाज कमी म्हणून रात्री अकराला करायचा मोह होतो, पण ते सूर भिंतीपार जातात आणि खालचे काका वर येतात. रविवारी सकाळी लवकर करा. सब-वूफरचं अंतर टेपने मोजल्यापेक्षा जास्त आलं तर बदलू नका. त्याच्या आतल्या सर्किटमुळे आवाज उशिरा निघतो, तो उशीर त्यात धरलेला असतो.

संवाद तरीही दबत असतील तर मधला स्पीकर २-३ डेसिबलने वाढवा आणि तो कप्प्यात खोल बसला असेल तर कडेपर्यंत पुढे ओढा. रात्री डायनॅमिक रेंज, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातला फरक, कमी करणारा मोड लावा, घरातले झोपू शकतील.

शेवटी फॅक्टरी रीसेट. हा पाचवा-सहावा उपाय आहे, पहिला नाही. सगळं कॅलिब्रेशन पुसलं जातं आणि शॉर्ट वायर काही त्याने बरी होत नाही.

इथे थांबा

सगळे स्पीकर सोडवूनही सेट बंद पडतो. जळका वास येतो. आत पाणी गेलंय, मग ते खिडकीतून आलेलं पावसाचं असो की फुलदाणीतलं. फ्यूज बदलला आणि नवाही उडाला. स्पीकर लावताच वूफरचा पडदा एका बाजूला जाऊन तिथेच राहतो, किंवा मोकळ्या टर्मिनलवर डीसी मोजल्यावर मिलिव्होल्टऐवजी व्होल्ट दिसतात. यातलं काहीही असेल तर घरची तपासणी संपली. प्लग काढा आणि जाणकाराकडे न्या. ‘परत एकदा चालू करून बघू’ म्हणत दहा वेळा बटण दाबण्यात एका ट्रान्झिस्टरच्या जागी आख्खा बोर्ड जातो.

झाकण उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहते आणि ती जोरदार झटका देते. संरक्षण सर्किट बायपास करून देतो म्हणणारा कारागीर भेटला तर तिथून निघा. ते सर्किट नसेल तर पुढच्या वेळी स्पीकर जळतील, कदाचित खिडकीचा पडदाही.

वॉरंटी असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटर. नसेल तर ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडला सुटे भाग आणि कसबी कारागीर दोन्ही मिळतात, पण आधी विचारा: आउटपुट ट्रान्झिस्टर जोडीने बदलणार का, जुने भाग परत देणार का, दुरुस्तीनंतर भारावर किती वेळ चालवून बघणार. ॲम्प्लिफायरचा दोष सहसा दुरुस्त करण्याजोगा असतो. एचडीएमआयचा बोर्ड गेला असेल आणि सेट आठ-दहा वर्षांचा असेल, तर बोर्डाची किंमत विचारून मगच होकार द्या. सोबत तुमचा लुकलुकणाऱ्या दिव्याचा व्हिडिओ आणि ‘स्पीकर काढूनही बंद पडतो’ ही एक ओळ न्या. कारागिराचा अर्धा वेळ वाचतो.

सेट परत आल्यावर सगळे स्पीकर एकदम लावू नका. घरातला सर्वांत स्वस्त, जुना स्पीकर आधी जोडा, हळू आवाजात तासभर चालू द्या, मग बाकीचे चढवा.